रॅपरमागचा गहन संदेश

आभारप्रदर्शन ही एक कला आहे, असं जगात फक्त आभार मानणारे लोक म्हणतात. बाकीचे त्या वेळी चपला शोधत असतात. सिकंदरसाहेब आतार यांनी गावच्या वसंत व्याख्यानमालेत इतकी वर्षं आभार मानले होते, की साहेब उभे राहिले म्हणजे कार्यक्रम संपला, असं गावानं धरूनच टाकलं होतं. एकदा शेजारच्या लग्नात ते नुसते पाणी प्यायला उठले, तर अर्धा मांडव अक्षता न टाकताच बाहेर पडला.

गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. फलटणच्या आसपासचं आहे, एवढं पुरे. गावात अब्रूदार माणसं बरीच आहेत आणि त्यातली निम्मी या गोष्टीत आलेली आहेत.

सिकंदरसाहेब टेलिफोन खात्यातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिल्यावर आता आपण स्वतः काहीतरी बोलावं, असं त्यांना वाटणं साहजिक होतं. वाचन दांडगं, आवाज भरदार, आणि शुद्ध मराठी तर ते रोज्यासारखी कडक पाळत. पण व्याख्यानमालेचे अध्यक्ष भाऊसो यांच्या डोक्यात साहेबांची जागा एकदा शेवटची म्हणून पक्की झाली ती झालीच. वाचनालयाच्या भिंतीवर व्याख्यात्यांच्या नावांचा एक फळा होता. काळ्या पाटीवर पांढऱ्या रंगात, दर वर्षी पेंटर येऊन नावं वाढवायचा. आभार मानणाऱ्यांचा फळा कुठल्याच वाचनालयात नसतो. त्या फळ्यावर मरायच्या आत आपलं नाव बघायचं, एवढी एकच इच्छा साहेबांना उरली होती. मुलगा अजहर शिरवळच्या कारखान्यात चिकटला होता, मुलगी सांगलीला सुखात होती, रक्तदाब आटोक्यात होता. फळा तेवढा राहिला होता.

घराच्या खाली त्यांच्या बायकोचं, म्हणजे जरिनाचं, 'जीनत मॅचिंग सेंटर' होतं. साडीला लागणारं अस्तर, फॉल, लेस आणि ब्लाउजपीसचे सगळे रंग. दुकानाला नाव साहेबांच्या आईचं, जागा साहेबांच्या वडिलांची आणि दुकान जरिनाचं. घरात दोघं आपली दख्खनी बोलत, पण भांडायचं झालं की मराठीवर येत. दुकानात तर जरिनाची मराठीच चालायची, आणि तीही म्हसवडकडची, कारण तिचं माहेर तिकडचं. गिऱ्हाईक विचारायचं, कांद्याच्या पातीचा रंग आहे का. जरिना म्हणायची, "हाय." वर जिन्यातून साहेबांचा आवाज यायचा, "आहे." गिऱ्हाईक बिचारं दोन दोन होकार घेऊन आत शिरायचं.

पुढे पुढे साहेबांनी मोठ्यानं दुरुस्त करणं सोडलं. जरिनाचं वाक्य कानावर पडलं की ते मनातल्या मनात शुद्ध करून घेत आणि मग विसरून जात. त्यामुळे गेली कित्येक वर्षं आपली बायको नेमकं काय बोलते, हे त्यांनी ऐकलेलंच नव्हतं. पुष्कळ संसारांत हीच व्यवस्था असते. फरक इतकाच, की इतरांना त्यासाठी व्याकरण लागत नाही.

तर यंदा भाऊसोंनी ठरवलं की व्याख्यानमालेला तरुण पोरं आली पाहिजेत. मागच्या वर्षी 'मधुमेह आणि आपण' या विषयाला समोर सगळे 'आपण'च बसलेले होते. तानाजी सुभेदारांची मुलगी उत्कर्षा कॉलेजला होती. तरुणांना काय आवडतं, असं तिला भाऊसोंनी विचारलं, आणि ती म्हणाली, एमसी घोंगडं.

एमसी घोंगडं हे एका माणसाचं नाव आहे, हे कार्यकारिणीला पटायला चहाचे दोन फेर लागले. आटपाडीकडचा धनगराचा पोरगा. खांद्यावर घोंगडं, डोळ्यावर काळा चष्मा, मागे मेंढरं, आणि तोंडानं भराभरा बोलणं. त्या बोलण्याला लाखो लोक माना हलवत होते. त्याची एक ओळ तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपासून वडापच्या जीपच्या काचेपर्यंत सगळीकडे रंगवलेली दिसे: 'हाय त्ये हाय, न्हाय त्ये न्हाय.' मुलाखतीत कुणी त्याला पुढचे बेत विचारले, कुणी टीकेबद्दल विचारलं, कुणी देशाबद्दल विचारलं, तरी तो एवढंच सांगायचा. त्यावरून लोक त्याला तत्त्वज्ञ म्हणू लागले होते. आपल्याकडे कमी बोलणाऱ्याला हा धोका असतोच.

विषय ठरला: 'प्रसिद्ध रॅपरच्या तत्त्वज्ञानामागील गहन संदेश'. त्यासाठी सांगलीहून एक प्राध्यापक येणार होते. त्यांचा मध्येच घसा बसला. हा बसलेला घसा त्याच संध्याकाळी दुसऱ्या गावात उद्घाटनाला उभा होता, असं नंतर कळलं. पण ते असो. भाऊसोंनी कार्यकारिणीवरून नजर फिरवली. बाकीचे खाली बघत होते. साहेब एकटेच वर बघत होते.

भाऊसो म्हणाले, "आतारसाहेब, तुमीच उरकून टाका."

'उरकून टाका' हा शब्द साहेबांना लागला. पण फळा डोळ्यांसमोर आला आणि त्यांनी तो शब्दही मनातल्या मनात शुद्ध करून घेतला.

घरी येऊन त्यांनी जरिनाला एवढंच सांगितलं की आपलं व्याख्यान आहे. कशावर, असं तिनं विचारल्यावर ते म्हणाले, तत्त्वज्ञानावर, तुला नाही कळायचं. जरिनानं बरं म्हटलं आणि फॉलला इस्त्री फिरवायला घेतली. तिच्या जागी दुसरी बाई असती तर भांडली असती आणि पुढचं सगळं टळलं असतं.

उत्कर्षानं मोबाइलवर गाणं ऐकवलं. पहिल्यांदा साहेबांना वाटलं, भांडण लागलंय. दुसऱ्यांदा ऐकल्यावर कोण कुणाशी भांडतंय ते कळेना. तिसऱ्यांदा मात्र ती ओळ आली आणि ते खुर्चीत सरळ बसले. जे आहे ते आहे, जे नाही ते नाही. अरे, हे तर सत् आणि असत्. इथे अद्वैत आहे, सूफींचा विचार आहे, ग्रीकांचंही असंच काहीसं आहे. मेंढरांमागे फिरणाऱ्या पोराला हे सुचलं कसं, या विचारानं त्यांना रात्री जेवण गेलं नाही.

आता आपल्याकडे माणूस विचार करतोय असं दिसलं की शेजारी मदतीला धावतात. तानाजी सुभेदार पलटणीतून आलेले. त्यांच्या मते ही साधी हजेरी होती. "प्रेझेंट त्यो प्रेझेंट, ॲबसेंट त्यो ॲबसेंट. त्यात काय फिलॉसॉफी आली, सिकंदरभाई?" भाऊसोंना त्यात जिल्हा परिषदेचं तिकीट दिसलं, ज्याला हाय त्याला हाय, न्हाय त्याला न्हाय, आणि हे त्यांनी इतक्या कळवळून सांगितलं की साहेबांना त्यांचीच समजूत काढावी लागली. किराणावाल्याला ती उधारी वाटली. ज्याच्या त्याच्या दुखऱ्या जागी ती ओळ जाऊन बसत होती. गहन संदेशाची खूण याहून वेगळी काय असणार, असं साहेबांनी टिपून ठेवलं.

अडचण एकच होती. साहेबांच्या तोंडून 'हाय' निघत नव्हतं. ते म्हणत, "आहे ते आहे, नाही ते नाही." उत्कर्षा म्हणाली, काका, यात बीट नाही. साहेबांना बीट म्हटल्यावर हवालदाराचा बीट आठवला, मग भाजीच्या दुकानातलं बीट आठवलं. शेवटी तिनं टेबलावर बोटं वाजवून दाखवली आणि बजावलं, की ती ओळ जशीच्या तशी म्हणता आली नाही तर पोरं हसतील. तेव्हापासून साहेब पहाटे गच्चीवर जाऊन घसा फिरवून 'हाय'चा सराव करू लागले. दीर्घ हाय, तोकडं हाय, नाकातलं हाय. पुढचे शब्द त्यांना यायचेच, त्यामुळे सराव तेवढ्या एका शब्दाचा.

खाली जरिनाला ऐकू यायचं ते एवढंच: हाय... हाय... हाय. तिनं दाढ दुखतेय असं समजून लवंगेचं तेल वर पाठवलं. साहेबांनी ते परत पाठवलं, म्हणून तिला छातीची शंका आली. दुपारपर्यंत आळीत बातमी फिरली. सुभेदार सफरचंदं घेऊन आले. भाऊसोंनी फोन करून आधी तब्येतीची चौकशी केली आणि मग, काही झालंच तर आभाराला कुणाला बघायचं, हेही विचारून घेतलं. तत्त्वचिंतन करणाऱ्या माणसाला समाज कसा वागवतो, याचं हे एक उदाहरण.

पण खरी गंमत पुढे होती. ध्वनिक्षेपकाला परवानगी लागते. भाऊसो म्हणाले, व्याख्याता तुम्हीच, तर तेवढं तुम्हीच बघा. साहेबांनी सुंदर अक्षरात अर्ज लिहिला, शीर्षक अधोरेखित केलं आणि कचेरीत दिला. टेबलामागच्या गृहस्थांनी तो वाचला, उलटा करून मागे बघितलं आणि विचारलं, "रॅपरच्या मागं कसला संदेश आसतुय? वजन, किंमत आन कवापर्यंत खायाचं, एवढंच की."

साहेबांना आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. मराठीत चॉकलेटचा कागदही रॅपर आणि गाणाराही रॅपर. लिहायला एकच, वाचायला एकच. ज्या भाषेच्या शुद्धतेसाठी त्यांनी हाडाची काडं केली, तिनं अशा वेळी दगा द्यावा याचं त्यांना फार वाईट वाटलं. तोवर अर्ज स्वच्छतेच्या टेबलावर गेला होता. तिथल्या साहेबांना तर हर्षवायूच झाला. वरून जनजागृतीचे फोटो मागत होते, आणि इथे एक ज्येष्ठ नागरिक आपण होऊन प्लास्टिकच्या रॅपरवर व्याख्यान देतोय. परवानगी लगेच मिळाली. वर कार्यक्रमाचं नाव 'रॅपरमुक्त गाव' असं टाइप केलेलं होतं, आणि अट होती की सुरुवातीला सामुदायिक शपथ घ्यावी.

साहेब दुरुस्तीला गेले. रॅपर म्हणजे गाणारा, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. गाणारा असेल तर सांस्कृतिकच्या टेबलावर जावं लागेल, असं उत्तर मिळालं. सांस्कृतिकचं टेबल कुठे आहे? टेबल आहे, पण त्यावरचे साहेब लांबच्या रजेवर आहेत. म्हणजे ही परवानगी रद्द करून नवी मागायची तर व्याख्यानमाला संपून पाऊसकाळ येणार. साहेबांनी परवानगी घडी करून खिशात ठेवली आणि घरी येताना भर उन्हात एकटेच 'गाणारा, गाणारा' असं पुटपुटत आले. ते बघून किराणावाल्याला पुन्हा छातीची आठवण झाली.

फ्लेक्स जरिनाच्या दुकानातर्फे लागला. परंपरेप्रमाणे त्यावर भाऊसोंचा फोटो सगळ्यात मोठा, मग एमसी घोंगडंचा, मग 'सौजन्य: जीनत मॅचिंग सेंटर' हे ठळक, आणि साहेबांचं नाव खाली, जिथे छापखान्याचा नंबर असतो तिथे. उत्कर्षानं त्याचा फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकला. बरं झालं टाकला, कारण दुसऱ्याच दिवशी स्वच्छतेची गाडी आली आणि फ्लेक्स हे प्लास्टिकच आहे, असं सांगून तो उतरवून घेऊन गेली. साहेबांनी आपलं नाव अखेरचं बघितलं ते घंटागाडीत ओल्या कचऱ्याच्या बाजूला.

व्याख्यानाच्या संध्याकाळी पटांगण भरलं होतं, यात शंका नाही. तरुण पोरंही होती. त्यांच्या पुढे मात्र झाडू घेतलेल्या स्वच्छतेच्या बायका आणि दोन शाळांची पोरं बसवली होती. मंचावर, साहेबांच्या खुर्चीशेजारी, गावातून गोळा केलेल्या वेफरच्या, बिस्किटांच्या आणि गुटख्याच्या रॅपरचा कमरेएवढा ढीग शोभेला ठेवला होता. पंख्याचं वारं आलं की त्यातले दोन-चार उडून साहेबांच्या नव्या जाकिटावर बसत. जरिना दुकान लवकर बंद करून आली होती. तिला साहेबांनी स्वतः पहिल्या रांगेत बसवलं. आपल्या नवऱ्याची योग्यता तिनं एकदा तरी समोरून बघावी, अशी त्यांची इच्छा होती.

आधी शपथ झाली. स्वच्छतेचे साहेब सांगत गेले आणि पटांगण हात पुढे करून म्हणत गेलं, की रस्त्यात कुठेही रॅपर दिसला तर मी त्याला उचलून कचरापेटीत टाकीन. पोरं अगदी बेंबीच्या देठापासून म्हणाली.

मग भाऊसोंनी ओळख करून दिली. ती दोन वाक्यांची होती आणि त्यातही 'आभार' हा शब्द तीनदा आला. साहेब उठले, माईकपाशी आले, आणि पटांगणातले निम्मे लोक सवयीनं उठून चपला शोधू लागले. भाऊसोंना ओरडून सांगावं लागलं, "बसा, बसा. आज त्ये बोलनार हायत." लोक परत बसले, पण काहींना दुसऱ्याच्या चपला पायात घातलेल्या असल्यामुळे जरा वेळ लागला.

त्यानंतर साहेब बोलले. खोटं कशाला सांगा, चांगलं बोलले. अद्वैत झालं, सूफी झाले, ग्रीक झाले. मग पोरांकडे बघत, माईक घट्ट धरून, त्यांनी डोळे मिटले आणि गच्चीवर कमावलेली ती ओळ सोडली: "हाय त्ये हाय, न्हाय त्ये न्हाय."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत जरिना दचकून ताठ बसली आणि पदर सावरू लागली. ती भारावली, असं साहेबांना वाटलं. त्यांना चेव आला.

"मित्रांनो, हे वाक्य बाजारात मिळत नाही," ते म्हणाले. "त्याला साधना लागते. घरसंसारात, देवघेवीत गुंतलेल्या सामान्य माणसाच्या तोंडी हे वाक्य येणं शक्य नाही."

याच वाक्याला पटांगणाच्या मागच्या बाजूनं आरडाओरडा झाला. हाही परिणाम आपलाच, असं साहेब क्षणभर समजले. पण लोक मागे वळले होते. तिकडून खांद्यावर घोंगडं टाकलेला, काळा चष्मा कपाळावर चढवलेला एक उंच पोरगा चालत येत होता. पुढे बसलेल्या शाळेच्या पोरांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग एकमेकांकडे, आणि मग कचरापेटीकडे. शपथ नुकतीच झाली होती.

तो एमसी घोंगडंच होता. घरचं नाव सिद्धू. बिरोबाच्या जत्रेला पुण्याहून गावाकडे निघाला होता. उत्कर्षानं टाकलेला फोटो त्यानं बघितला होता. भाऊसो हार घेऊन धावले. साहेबांचं अंग शहारलं. आपल्या व्याख्यानाची कीर्ती पुण्यापर्यंत गेली, त्या महान कलावंताला आपला गहन संदेश स्वतःच्या कानांनी ऐकावासा वाटला, या कल्पनेनं त्यांचे डोळे पाणावले. माईक सोडून ते दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी हात पसरले.

सिद्धू त्यांच्या हातांखालून वाकून गेला आणि माईकशी जाऊन उभा राहिला.

"त्या फ्लेक्सवर जीनत मॅचिंग सेंटर लिवलं व्हतं," तो म्हणाला. "त्यातल्या चाची आल्यात का?"

गाव सगळं जरिनाकडे बघायला लागलं. जरिनानं आपल्या मागे कोण आहे ते वळून बघितलं.

मग त्यानं सांगितलं. तो लहान असताना त्यांची मेंढरं या बाजूला शेतांत बसायला यायची. थोरल्या बहिणीचं लगीन ठरलं होतं. आईला, म्हणजे भामाबाईला, मोरपिशी लुगड्यावर मोरपिशीच खण हवा होता. दिवसभर दोघं बाजारात फिरले. जो तो दुकानदार निळा नाहीतर हिरवा तुकडा हातात द्यायचा आणि म्हणायचा, हाच मोरपिशी, घे आणि जा. मेंढरामागच्या बाईला रंग कशाला कळतोय, असा हिशेब. "आमची आय अंधारात मेंढरू वळखती," सिद्धू म्हणाला. "पर कुनाशी भांडनार?"

शेवटी ते या दुकानाच्या दारात उभे राहिले. आत यायला कचरत होते, कारण पायांना शेण होतं. या बाईनं आत बोलावलं, गाठोडी सोडली, होता नव्हता तो माल आईसमोर उलगडला, लुगड्याचा पदर प्रत्येक रंगाला लावून बघितला. आणि मग सांगितलं.

"ह्या चाची म्हनल्या, हाय त्ये हाय, न्हाय त्ये न्हाय. न्हाई त्येला हाय म्हनून मी इकत न्हाई." सिद्धूचा आवाज जरा खाली आला. "खण मिळाला न्हाईच. पर आय रस्त्यानं हसत आली. म्हनली, आज कुनीतरी आपल्यासंगं खरं बोललं. मी तवापास्नं त्येवढंच धरून हाय. दुसरी काय फिलॉसॉफी न्हाई माज्याकडं."

पंख्यानं एक वेफरचं रॅपर उडालं आणि साहेबांच्या पसरलेल्या हातावर येऊन बसलं. ते हात खाली घ्यायचे राहूनच गेले होते.

जरिना उठली. तिला पोरगा आठवला नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दुकानात रोज इतकी पोरं आयांच्या पदराला धरून येतात. पण रंग तिच्या लक्षात होता.

"मोरपिशी तवा म्होरनंच येत न्हवता," ती म्हणाली. "लुगडं हाय का आजून?"

"हाय."

"मग खण आता हाय. जाताना घिऊन जा. आयला दी."

सिद्धूनं मंचावरून खाली येऊन तिच्या पायांना हात लावला आणि पटांगण असं काही उसळलं, की स्वच्छतेच्या बायकांनी झाडू वर करून हलवले. भाऊसो कसलेले गृहस्थ. वारं कुठलं आहे हे त्यांना आधी कळतं. त्यांनी माईक घेऊन जाहीर करून टाकलं, की आजच्या खऱ्या व्याख्यात्या सौ. जरिना आतार यांना आपण ऐकलं आणि आता कार्यक्रम संपला. मग ते थबकले. आभारांचं काय? इतक्या वर्षांत आभारासाठी दुसरा माणूस बघायची वेळच आली नव्हती, आणि यंदा भाऊसोंनी फोनवर विचारलेलं तेवढ्यावरच राहिलं होतं. भाऊसोंनी मंचावर नजर फिरवली.

"आतारसाहेब," ते म्हणाले, "तेवढं उरका."

सिकंदरसाहेबांच्या मनात त्या वेळी काय काय आलं, ते सगळं इथे देत नाही. त्यातलं काही शुद्ध नव्हतं. हातावरचं रॅपर झटकून ते माईकपाशी गेले. आणि त्या संध्याकाळची सगळ्यात नवलाची गोष्ट तेव्हा घडली. साहेब आभाराला उभे राहिले आणि पटांगणातून एकही माणूस उठला नाही.

त्यांनी नेहमीप्रमाणे मांडववाल्याचे आभार मानले, ध्वनिक्षेपकवाल्याचे मानले, कचेरीचे मानले, आणि ते मानताना दात किती आवळलेत हे कुणाला कळू दिलं नाही. सिद्धूचे मानले. मग व्याख्यात्यांपाशी आले आणि थांबले. समोर जरिना पर्समध्ये दुकानाची किल्ली शोधत होती.

"मी या गावात सगळ्यांचे आभार मानले," ते म्हणाले. "मंडप घालणाऱ्याचे मानले, तो काढणाऱ्याचे मानले. हिचे राहून गेले. ही रोज बोलत होती आणि मी रोज तिचं व्याकरण तपासत होतो. मी हिला ऐकलंच नाही. मला आज फार लाज वाटतेय. आणि अभिमानही वाटतोय, तो जास्त आहे."

एवढंच बोलून ते खाली बसले. साहेबांचं हे सगळ्यात छोटं आभारप्रदर्शन होतं. जरिनानं किल्ली शोधायची थांबवली होती आणि पदरानं नाक पुसत होती. सुभेदारांनी उभं राहून सॅल्यूट ठोकला. तो कुणाला होता, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात पेंटर आला. यंदाच्या व्याख्यात्यांत कुणाचं नाव घालायचं, यावर कार्यकारिणीची बैठक झाली. बोलले साहेब, गाजली जरिना. परवानगीच्या कागदावर तर दोघंही नव्हते. होतं ते प्लास्टिक. भाऊसोंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं, म्हणजे कुणालाच नाराज केलं नाही. फळ्यावर आज नुसतं 'आतार' असं लिहिलेलं आहे. आधी श्री. नाही, सौ. नाही, पुढे काही नाही.

साहेब तो फळा बघून आले. तरातरा गेले होते, सावकाश आले. दुकानात गर्दी नव्हती. जरिना लेसचं रीळ गुंडाळत बसली होती. साहेब काउंटरपाशी घुटमळले, मापाची पट्टी उचलून परत ठेवली, आणि शेवटी त्यांनी विचारलं, की झालं ते झालं, पण त्या दिवशी अद्वैत, सूफी, ग्रीक, हे सगळं मी बोललो, त्यात काही होतं की नाही? खरं सांग.

जरिनानं रीळ खाली ठेवलं. गिऱ्हाइकाच्या साडीचा पदर बघावा तसं तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं.

"व्हतं त्ये व्हतं," ती म्हणाली, "न्हवतं त्ये न्हवतं."

साहेबांनी दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग स्टूल ओढून ते तिच्या शेजारी बसले. तेवढ्यात दारात एक बाई आली आणि राणी रंगाचं अस्तर आहे का, असं विचारू लागली. साहेबांनी मागच्या फळीवर बघितलं.

"हाय," ते म्हणाले. "या आत."